‘अवतार’मध्ये अजेंडा नव्हता म्हणता?

“पूर्वीच्या कार्टूनमध्ये नुसती गोष्ट असायची, आता सगळीकडे अजेंडा घुसवतात.” अ‍ॅनिमेशन मालिकांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आणि ‘पूर्वीचं चांगलं’ म्हणून हमखास नाव घेतलं जातं ते ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’चं. निकलोडियनवर २००५ ते २००८ मध्ये आलेली, तीन सीझन आणि ६१ भागांची मालिका. मलाही ती प्रचंड आवडते. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की मंडळी, आपण एकच मालिका बघितली ना?

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू अशा चार लोकांचं जग. अग्निराष्ट्राने सगळं जिंकायला काढलंय, युद्धाला शंभर वर्षं झालीत. वायुपंथी भिक्षूंना तर त्यांनी पार संपवलंय. त्यातला एकच उरलेला बारा वर्षांचा मुलगा, आंग, हा नायक.

आता यातला ‘अजेंडा’ मोजू. चौथ्याच भागात सोक्का, म्हणजे ‘लढणं हे पुरुषांचं काम’ म्हणणारा पोरगा, क्योशी बेटावरच्या मुलींकडून सपशेल हरतो. मग गुडघे टेकून माफी मागतो आणि त्यांचाच पोशाख घालून, तोंडाला त्यांचाच रंग लावून त्यांच्याकडून शिकतो. पुढे त्याची बहीण कटारा उत्तरेकडच्या गुरूकडे जलविद्या शिकायला जाते. गुरू पाक्कू म्हणतो, बायकांनी फक्त उपचार शिकायचे, लढाई नाही. ती त्यालाच आव्हान देते. आणि हरते! पण तिचं गळ्यातलं तो ओळखतो. ते त्यानेच कधीकाळी आपल्या होणाऱ्या बायकोला दिलेलं असतं. ती होणारी बायको म्हणजे कटाराची आजी, जी याच जाचक रूढींमुळे तो मुलूख सोडून गेली होती. तिसऱ्या सीझनमध्ये आंग वेश बदलून अग्निराष्ट्राच्या शाळेत बसतो. तिथे शिकवतात की आपण वायुराष्ट्राच्या सैन्याचा पराभव केला. आंग सांगतो, त्यांच्याकडे सैन्य नव्हतंच.

स्त्री-पुरुष समता, वंशसंहार, पाठ्यपुस्तकातला खोटा इतिहास. हे राजकारण नाही तर काय आहे? फक्त ते गोष्टीत इतकं मुरलंय की आपल्याला वेगळं जाणवत नाही.

आणि प्रेक्षकांना हे कळत नव्हतं असंही नाही. २०१० मध्ये एम. नाईट श्यामलन यांनी यावर चित्रपट काढला. मूळ मालिकेत आशियाई आणि इन्युइट छापाची दिसणारी नायक मंडळी गोरी झाली आणि आक्रमक अग्निराष्ट्राच्या भूमिकांत देव पटेल, आसिफ मांडवी असे आपल्यासारखे दिसणारे चेहरे आले. यावर रान उठवलं ते फॅन लोकांनीच. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सची खऱ्या कलाकारांची आवृत्ती आली. सोक्काचा बायकांना कमी लेखणारा स्वभाव आम्ही सौम्य केलाय, असं कलाकारांनी आधीच सांगितलं होतं. त्यावरही फॅन नाराज! कारण सरळ आहे. तो आधी तसा होता म्हणून तर त्याच्या बदलण्याला किंमत होती. चूकच पुसून टाकली तर सुधारणार काय?

माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. विचार पुरोगामी आहे की नाही हा प्रश्नच नाही. पात्राला तो विचार काही किंमत मोजून मिळालाय का, हा प्रश्न आहे. त्यामुळे ‘आमच्या विचाराचं एक पात्र आहे ना, मग मालिका उत्तमच’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ढिसाळ लिखाण ते ढिसाळच.

बरं, आता ज्या मालिकेवर ‘ओढूनताणून’चा शिक्का सगळ्यात जास्त बसला ती बघू. ‘द लेजेंड ऑफ कोरा’, याच जगातली पुढची गोष्ट, २०१२ ते २०१४. डिसेंबर २०१४ च्या शेवटच्या दृश्यात कोरा आणि असामी या दोघी हातात हात घेऊन निघतात आणि एकमेकींकडे बघत उभ्या राहतात. बस, एवढंच. काही दिवसांत निर्मात्यांनी लिहून स्पष्ट केलं की हो, त्या प्रेमात आहेत. चॅनेलने पाठिंबा दिला, पण किती दाखवायचं यालाही मर्यादा होती, हेही त्यांनी सांगितलं. त्याआधी तिसरा सीझन मध्येच टीव्हीवरून काढून ऑनलाइन ढकलला गेला होता. २०१७ मध्ये केनियाच्या फिल्म बोर्डाने ज्या सहा कार्टून्सवर बंदी घातली त्यात ‘कोरा’ही होती.

आता गंमत बघा. ज्या नात्याला पडद्यावर मोकळेपणाने जागाच मिळाली नाही, त्याबद्दल प्रेक्षक म्हणतात, “हे अचानक कुठून आलं?” तक्रार अगदीच चुकीची नाही, घाईचं वाटतंच. पण दोष विषयाचा की दाबण्याचा? कोणाच्या तोंडावर हात ठेवायचा आणि वर म्हणायचं, हा अडखळत बोलतो!

आज कोणाला कटाराची लढाई घुसडलेली वाटत नाही, कारण तिला अख्खा भाग मिळाला. कोरा आणि असामीला शेवटचा मिनिटभर मिळाला. एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला स्वतःसारखं कोणीतरी पहिल्यांदा पडद्यावर दिसत असेल तर तिच्या वाट्याला तेवढा मिनिटच आला, आणि तोही खरा आहे का यावर मोठी माणसं वाद घालत बसली.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘अजेंडा’ म्हणण्याआधी एवढंच तपासा: हे वाईट लिहिलंय, की पूर्ण लिहूच दिलं नाही? पहिलं असेल तर खुशाल झोडपा, मीही येतो सोबत. दुसरं असेल तर प्रश्न लेखकाला नाही, चॅनेलला विचारा.