निःशब्द सुरांचे धनी

एखादें गाणें आवडलें असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांतील नेमकें काय आवडलें याचा झाडा घेण्याची तसदी आपण क्वचितच घेतों. कोणास शब्द आवडतात, कोणास गळा आवडतो, कोणास नुसता ठेका पुरतो. परंतु शब्द आणि गळा हीं दोन्ही काढून घेतल्यावर जें उरतें तेंहि ज्यास आवडतें, त्यास सुरांची खरी गोडी लागली आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. सतार, सनई, सारंगी यांच्या स्वतंत्र वादनाची परंपरा आपल्या अभिजात संगीतांत आहेच. पण बोलपट, तबकड्या आणि नभोवाणी यांच्या द्वारें घरोघरीं पोंचलेल्या लोकप्रिय संगीतांतहि केवळ वाद्यावर वाजलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या चिजा थोड्या नाहींत. या महिन्यांत त्यांपैकीं कांहीं निवडक चिजांचा परिचय वाचकांस करून द्यावा, आणि त्या ओघांत एका जुन्या अन्यायाकडे त्यांचें लक्ष वेधावें, असें योजिलें आहे.

सर्वांच्या कानांवरून गेलेलें उदाहरण प्रथम घेऊं. आकाशवाणीचा दिवस उजाडतांना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे जे आर्त सूर निघत, ते ऐकून ज्यांचें बालपण गेलें असे वाचक पुष्कळ असतील. ही धून वॉल्टर कॉफमन यांनीं बांधिली असें सर्वत्र मानिलें जातें. कॉफमन हे बोहेमियांतील कार्ल्सबाड येथें जन्मलेले ज्यू संगीतकार. युरोपांत ज्यूंवर संकट कोसळण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं असतां १९३४ सालीं ते मुंबईस आले, आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत त्यांनीं मुंबईच्या नभोवाणी केंद्रांत पाश्चात्य संगीताचें काम पाहिलें. परागंदा झालेल्या एका परक्या माणसाच्या सुरांनीं आपल्या घरांतील चहाचें आधण ठेवण्याची वेळ ठरावी, ही गोष्ट विलक्षण खरीच. परंतु त्या धुनेंतील व्हायोलिन कोणाचें, असें विचारिलें तर काय उत्तर येतें? मेहली मेहता यांचें नांव जाणकार घेतात. इतर सर्वांच्या लेखीं तें रेडिओचें संगीत, एवढेंच.

गाण्याचें श्रेय गायकास जातें, कवीस जातें, संगीत दिग्दर्शकास जातें. तें योग्यच आहे. पण जेथें गायक नाहीं आणि कवि नाहीं, जेथें वाद्यावर फिरणारीं बोटें किंवा वाद्यांत फुंकलेला श्वास हाच सारा ऐवज आहे, तेथें तरी त्या बोटांच्या धन्यास अग्रमान मिळावा, असें कोणासहि वाटेल. व्यवहारांत मात्र बहुधा उलट घडतें.

क्वचित् अपवाद घडतो, आणि तो किती सुंदर असूं शकतो याचें उदाहरण व्हिएन्ना शहरांत सांपडतें. दुसरें महायुद्ध संपून थोडींच वर्षें लोटलीं होतीं. पडझड झालेल्या त्या नगरींत इंग्रज दिग्दर्शक कॅरल रीड हे ‘द थर्ड मॅन’ या बोलपटाच्या कामासाठीं आले होते. तेथें त्यांनीं अँटन कारास या वादकाचें झिथर ऐकिलें. झिथर म्हणजे चपट्या पेटीवर ताणलेल्या तारांचें वाद्य. आपल्या स्वरमंडळाची आठवण व्हावी असें. कारास हे मद्यालयांतील गिऱ्हाइकांपुढें तें वाजवून पोट भरीत असत. रीड यांनीं त्यांना लंडनला नेलें आणि साऱ्या बोलपटाचें संगीत त्या एकट्या वाद्यावर बसविलें. १९४९ सालीं चित्र पडद्यावर आलें, तेव्हां नामावळीच्या मागें प्रेक्षकांस काय दिसलें? नट नव्हेत, नगरी नव्हे. थरथरणाऱ्या झिथरच्या तारा! पुढील वर्षीं त्याच धुनेची तबकडी अमेरिकेंत विक्रीच्या यादींत अकरा आठवडे पहिल्या स्थानीं राहिली. कारास यांना कीर्ति आणि पैसा दोन्ही मिळालीं, आणि व्हिएन्नांत परतून त्यांनीं बोलपटाच्याच नांवाचें स्वतःचें मद्यालय थाटलें. काल जो गिऱ्हाइकांची मर्जी राखीत होता, त्याला ऐकावयास आतां गिऱ्हाइकें दुरून येऊं लागलीं.

आतां मुंबईकडे वळूं. १९५४ सालीं ‘नागिन’ बोलपट आला आणि त्यांतील पुंगीच्या धुनेनें देश वेडा झाला. संगीत हेमंतकुमारांचें होतें. पडद्यावर पुंगी दिसते, कानांस पुंगीच ऐकूं येते, आणि लग्नाच्या वरातींत बँडवाल्यांनीं ती धून धरली कीं भलेभले गंभीर गृहस्थहि डोक्यावर हात जोडून फणा काढूं लागतात. गंमत अशी कीं त्या सुप्रसिद्ध धुनेंत पुंगी नाहींच. ती वाजली आहे क्लॅव्हायोलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर, आणि त्यास जोड आहे हार्मोनियमची. क्लॅव्हायोलिन हें कॉन्स्टँट मार्टिन या फ्रेंच गृहस्थांनीं १९४७ च्या सुमारास शोधून काढलेलें वाद्य. पेटीसारख्या पट्ट्या, पण एका वेळीं एकच सूर निघणार. आणि तो हवेनें नव्हे तर विजेच्या कंपनांनीं उत्पन्न होऊन कर्ण्यांतून बाहेर पडणार. एका वेळीं एकच सूर, हीच उणीव येथें गुण ठरली. पुंगींतहि चाल वाहणारी नळी एकच असते. त्यामुळें सुरास सूर लागून जी अखंड नागमोडी ओळ व्हावी लागते, ती या यंत्रांतून हुबेहूब निघाली. क्लॅव्हायोलिनवर बोटें होतीं कल्याणजी वीरजी शहा यांचीं आणि हार्मोनियमवर रवि यांचीं. दोघेहि पुढें स्वतः नामांकित संगीत दिग्दर्शक झाले, म्हणून तर आज हीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. ते आयुष्यभर नुसते वादकच राहिले असते तर ती पुंगी कोणाची हें किती जणांनीं विचारिलें असतें, याचा वाचकांनींच विचार करावा.

हेंच क्लॅव्हायोलिन आठ वर्षांनीं लंडनमध्यें पुन्हां वाजलें. १० जुलै १९६२ रोजीं अमेरिकेनें ‘टेलस्टार’ नांवाचा उपग्रह आकाशांत सोडला, आणि त्याच्या साह्यानें अटलांटिक महासागरापलीकडचीं चित्रें दूरदर्शनवर तत्काळ दिसूं लागलीं. तें अद्भुत पाहून जो मीक या ध्वनिमुद्रकाच्या मनांत एक धून उभी राहिली. हॉलोवे रोडवर कातडी सामानाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचें बिऱ्हाड होतें, आणि तेंच त्यांचें ध्वनिमुद्रणगृह. मीक यांना स्वरलेखन येत नव्हतें. ते चाल गुणगुणत आणि वादकांनीं ती उचलावयाची. ‘द टॉर्नेडोज’ या वाद्यवृंदाच्या नांवानें ‘टेलस्टार’ची तबकडी त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें निघाली. इंग्लंडांत ती पांच आठवडे अग्रस्थानीं राहिली. अमेरिकेंतहि पहिल्या स्थानीं पोंचली, आणि हा मान मिळविणारा तो पहिला ब्रिटिश वाद्यवृंद ठरला. परंतु ज्या क्लॅव्हायोलिनच्या तेजस्वी सुरानें ती धून आकाशांत चढते, तें वाजविणारे जेफ गॉडर्ड हे त्या वृंदांतले नव्हतेच. ते मीक यांचे साहाय्यक.

या चिजेची पुढील हकीकत मन विषण्ण करणारी आहे. झ्याँ लद्र्यू या फ्रेंच संगीतकारानें ही चाल आपल्या एका बोलपट-संगीतावरून उचलली असा दावा लाविला, आणि निकाल लागेपर्यंत मीक यांचें सारें उत्पन्न अडकून पडलें. लक्षावधि तबकड्या खपल्या आणि कर्ता कर्जांत बुडाला. मनाचा तोल गेलेल्या त्या माणसानें ३ फेब्रुवारी १९६७ रोजीं आपल्या घरमालकिणीस गोळी घालून स्वतःचाहि अंत करून घेतला. त्यानंतर सुमारें तीन आठवड्यांनीं दाव्याचा निकाल त्यांच्याच बाजूनें लागला. तो उपग्रह तर केव्हांच, १९६३ च्या फेब्रुवारींत, मुका झाला होता. आजहि तो पृथ्वीभोंवतीं निमूट फिरत आहे. त्याच्या नांवाची धून मात्र अद्याप वाजते.

दुसरी एक चीज अशी आहे कीं तिचा प्रवास पाहिला म्हणजे निःशब्द सुरांस देशाची व भाषेची अटक कशी नसते हें कळतें. ‘अपाची’ ही धून इंग्लंडांतील जेरी लॉर्डन यांनीं त्याच नांवाचें एक अमेरिकन चित्र पाहून रचली. ‘द शॅडोज’ या मंडळीनें १९६० सालीं ती वाजविली आणि इंग्लंडांत पांच आठवडे पहिला क्रमांक पटकाविला. ही मंडळी म्हणजे एरवीं क्लिफ रिचर्ड या लाडक्या गायकाचे साथीदार. या तबकडींत हँक मार्व्हिन यांची गिटार प्रतिध्वनीच्या यंत्रांतून घुमत पुढें चालते, आणि आरंभीं व शेवटीं जो ढोल वाजतो तो खुद्द क्लिफ रिचर्ड यांनीं वाजविला आहे. गायकानें आपल्या साथीदारांस साथ करावी, हें दृश्य मोठें मनोहर आहे. पुढील वर्षीं डेन्मार्कच्या यॉर्गेन इंगमन यांनीं वाजविलेली तीच धून अमेरिकेंत दुसऱ्या क्रमांकास पोंचली. १९७३ सालीं ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ या नांवाखालीं जमविलेल्या वादकांनीं तिच्यांत तालवाद्यांचा लांबलचक तुकडा घातला, आणि त्यांत बहामा बेटांतून आलेल्या किंग एरिसन यांचे बाँगो धडाडले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क हे तबकड्या वाजविणारे गृहस्थ त्या तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर चढवून तेवढाच तालाचा तुकडा लांबवीत, आणि त्यावर तरुण मंडळी नाचत. ‘हिप-हॉप’ म्हणून आज जगभर गाजणाऱ्या संगीताच्या पायांत हा एक दगड आहे. तरी किंग एरिसन हें नांव त्या संगीतावर जीव टाकणाऱ्या आपल्या घरांतील तरुणांस विचारून पाहावें.

आपल्याकडे परत येऊं. १९७५ च्या ‘शोले’मध्यें संध्याकाळच्या अंधुक प्रकाशांत नायक तोंडानें बाजा वाजवितो आणि समोरच्या सज्ज्यांतील विधवा एकेक दिवा मालविते. त्या प्रसंगीं एक शब्दहि उच्चारिलेला नाहीं. जें सांगावयाचें तें त्या लहानशा धुनेनेंच सांगितलें. ती धून राहुलदेव बर्मन यांच्या वृंदांतील भानु गुप्त यांनीं वाजविली. ओंठ नटाचे दिसतात, श्वास दुसऱ्याचा असतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत अशा श्वासांचे व बोटांचे धनी शेकडों होऊन गेले. त्यांत गोमंतकीय होते, पारशी होते, बंगाली, पंजाबी व मराठी होते. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनीं व वाद्यवृंद-रचनाकारांनीं स्वरलेखनाची विद्या या धंद्यांत रुजविली. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्यें एका पात्रास गुरूचें नांव मिळवून दिलें. लोकांनीं तें विनोदी पात्राचें नांव म्हणून डोक्यावर घेतलें. तें एका खऱ्या संगीत शिक्षकाचें नांव आहे हें फार थोड्यांस उमगलें.

यास कारण केवळ लोकांचें अज्ञान नव्हे. वादकास ध्वनिमुद्रणाच्या पाळीचा मेहनताना मिळाला कीं हिशेब पुरा, अशी धंद्याची रीत होती. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत कवि, संगीतकार आणि तबकडी काढणारी कंपनी यांस स्थान होतें. वाजविणारास किंवा गाणारास स्वतःच्या कलेवर स्वतंत्र हक्क नव्हता. तो प्रथम मिळाला १९९४ च्या दुरुस्तीनें, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें तो अधिक बळकट झाला. म्हणजे ज्यांच्या सुरांवर दोन पिढ्या पोसल्या, त्यांचा बहर ओसरल्यावर कायद्यास जाग आली.

कायद्याचें काम कायदा करील. घराचें काम घरांत होण्याजोगें आहे. मुलांस शब्दांचीं गाणीं आपण हौसेनें शिकवितों. त्याबरोबर आठवड्यांतून एकदां तरी, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, शब्द नसलेली एक धून सर्वांनीं मिळून ऐकावी. हें कोणतें वाद्य, वाऱ्याचें कीं तारेचें, कातड्याचें कीं विजेचें, असें मुलांस विचारावें. ‘नागिन’ची पुंगी ऐकवून त्यांस चकवावें. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचें अकॉर्डियन किंवा व्हॅन शिपली यांची गिटार ज्यांवर आहे अशा तबकड्या पुष्कळ घरांत अजून जपून ठेविलेल्या असतील. त्यांच्या वेष्टनावर वादकाचें नांव ठळक छापलेलें असे, आणि सिनेमाचीं तींच गाणीं तेथें शब्दांवांचून वाजत. आरंभास त्या उत्तम. कान तयार झाले म्हणजे मुलें आपणच विचारूं लागतील, “आजोबा, हें वाजवितंय कोण?” त्या प्रश्नाचें उत्तर आजोबांपाशीं तयार असावें, इतक्याच हेतूनें आजचीं हीं नांवें येथें नोंदविलीं आहेत.