परीक्षा पुढे ढकलायची का? निर्णय भीतीवर सोपवू नका

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचे तर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास व्हावी लागते. आपल्या वस्त्यांतून नर्सिंग शिकलेल्या मुली-मुलेही आज तिकडे डोळे लावून आहेत. तारीख जवळ आली की एकच प्रश्न छळतो : "तयारी झाली असं वाटत नाही, परीक्षा पुढे ढकलू का?"

आमचे म्हणणे असे, की आधी या 'वाटत नाही'ची झडती घ्या. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून जिला 'कोट्यातून आली' असे ऐकवले गेले, तिला आपली तयारी पुरेशी आहे असे वाटणार तरी कधी? ही शंका अभ्यासातून आलेली नाही, ती जातीने पेरली आहे. उलट बाजूही आहे. सवर्णाचा मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आपली मुलगी नापास झाली की सगळ्या समाजाची लायकी काढली जाते. त्या धाकापोटी तयारी खरोखर कच्ची असतानाही काही जणी परीक्षेला बसतात. दोन्ही निर्णय भीतीचेच.

मग ठरवायचे कशावर? पुराव्यावर. या परीक्षेत ८५ ते १५० प्रश्न असतात, वेळ ५ तास. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक अवघड देतो. त्यामुळे पास होणाऱ्यालाही आपले बरेच चुकले असेच वाटत राहते. 'आता सगळे येते' असे वाटण्याचा दिवस उगवतच नाही. त्याची वाट पाहणे म्हणजे कायमचे थांबणे.

म्हणून गेल्या तीन-चार आठवड्यांचे सराव पेपर समोर ठेवा, तेही घड्याळ लावून सोडवलेले. गुण टिकून आहेत का? चुका घाईच्या आहेत, की विषयच कळलेला नाही? चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावायचे, हे अजून चुकते का? गुण टिकून असतील आणि फक्त छाती धडधडत असेल, तर जा, परीक्षा द्या. गुण घसरत असतील, आजारपणाने किंवा रात्रपाळीने अभ्यास खाल्ला असेल, तर पुढे ढकला. त्यात लाज कसली?

पण हिशेब नीट करा. शुल्क २०० डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर आणखी १५० डॉलर. नापास झालात तर किमान ४५ दिवस थांबून पुन्हा शुल्क. तारीख बदलायची तर निदान २४ तास आधी. नाहीतर पैसे बुडाले. परीक्षेच्या परवानगीपत्राला मुदत असते, ती वाढवून मिळत नाही. नवी तारीख त्या मुदतीतच बसली पाहिजे.

थांबणे आणि सोडून देणे यांतला फरक आपल्याला बाबासाहेबांनी दाखवला आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊनच ते निघाले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. थांबण्याला कारण होते, मुदत होती, आणि मधल्या काळात काम होते. तुमच्या थांबण्यात या तिन्ही गोष्टी आहेत का? नसतील तर 'बघू नंतर' म्हणजे माघारच.

शेवटी कार्यकर्त्यांना एक सवाल. पैसेवाल्यांच्या घरात दुसरा प्रयत्न गृहीत धरलेला असतो. आपल्या घरात पहिल्याच शुल्कासाठी आईचे डोरले गहाण पडते, म्हणून आपली मुलगी पहिल्या प्रयत्नालाच घाबरते. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा अशा मुलींच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी बाजूला काढायला आपल्याला कोणी अडवले आहे? पाठीशी समाज उभा आहे हे कळले, की परीक्षा द्यायची की थांबायचे, हे ती ताठ मानेने ठरवेल.

जय भीम!