औषधांचा डबा एकदा उघडून पाहा

गेल्या रमजानमधली गोष्ट. जोहरची नमाज झाल्यावर मुलांच्या दादी मुसल्ल्यावरच बसून राहिल्या. हाक मारली तर उत्तर नीट येईना. हात थरथरत होते, कपाळावर घाम. शेजारच्या मुलाने मशीन आणून बोट टोचले, साखर ५४ निघाली. ‘माझा रोजा तुटेल’ असे त्या पुटपुटत होत्या. पण त्यांना गिळता येत होते, म्हणून धाकट्या दिरांनी लगेच ग्लासभर साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून डॉक्टरांनी रात्रीपर्यंत पुन्हापुन्हा साखर तपासायला लावली.

झाले होते असे, की सेहरीच्या वेळी वीज गेली होती. दादींनी रक्तदाबाची गोळी समजून साखरेचीच गोळी दुसऱ्यांदा घेतली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या आणि दोन्ही स्ट्रिप कापलेल्या. नाव असलेला भाग कधीच कचऱ्यात गेला होता.

त्या संध्याकाळी मी घरातला औषधांचा डबा जमिनीवर ओतला. बिस्किटांचा जुना डबा, बहुतेक घरांत असतो तसाच. आत काय काय निघाले, ते सांगते. तुमचा डबाही फार वेगळा नसेल.

पहिल्यांदा निघाले गोळ्यांचे सुटे तुकडे. स्ट्रिपवर मुदतीची तारीख बहुतेकदा एकाच टोकाला छापलेली असते. म्हणून गोळी काढताना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा. नाव आणि तारीख शेवटपर्यंत राहते. कापलेली स्ट्रिप घेताना दुकानदाराकडून बिल घ्या आणि गोळीचे नाव, तारीख पाकिटावर लिहून आणा.

मग निघाल्या मुलीच्या तापातल्या अँटिबायोटिकच्या तीन उरलेल्या गोळ्या. बरे वाटले म्हणून आपणच बंद केलेल्या. पुढच्या वेळी त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दिल्या जातात आणि मग खरी गरज पडते तेव्हा ते औषध लागू पडत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. लहान मुलांचे पावडरीत पाणी घालून बनवलेले अँटिबायोटिक बहुधा सातच दिवस टिकते. उरलेले पुढच्या आजारासाठी ठेवू नका. डोळ्यांचे ड्रॉप्स उघडल्यावर साधारण २८ दिवसांनी टाकून द्या, बाटलीवरची मुदत पुढची असली तरी. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

खोकल्याची अर्धी बाटलीही होती. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने कितीतरी लेकरे गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने स्पष्ट सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. मोठ्या भावाची बाटली धाकट्याला, ही सवय मोडा. आणि माप घरच्या चमच्याने नको. बाटलीसोबतच्या टोपणाने किंवा ड्रॉपरने घ्या.

आता उन्हाचे. नंदुरबारच्या पथारीवर मिरचीला ऊन हवे, औषधाला नको. बहुतेक औषधांवर ‘२५ अंशांखाली’ किंवा ‘३० अंशांखाली ठेवा’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालची खोली तर भट्टीच होते. खिडकीची कड, चुलीवरची फळी, फ्रिजचा किंवा टीव्हीचा माथा, मोटारसायकलची डिकी, या जागा नकोत. घरातले सर्वांत थंड, कोरडे, अंधारे कपाट शोधा. उंचावर आणि कुलपात, म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही; गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. दारातही नको, तिथे तापमान सारखे बदलते. फ्रिज नसेल किंवा वीज रोज जात असेल, तर एका मोठ्या मडक्यात छोटे मडके ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा आणि कुपी झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. वाळू रोज भिजवा.

मुदत संपलेल्या गोळ्या तशाच उकिरड्यावर टाकू नका. तिथे मुलेही खेळतात आणि बकऱ्याही चरतात. स्ट्रिपमधून काढा, राखेत किंवा मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टोपण लावून ठेवा.

शेवटचे रमजानबद्दल. साखर, रक्तदाब, मिरगी, हृदय यांपैकी कशाचीही औषधे चालू असतील, तर महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांकडे जा. सेहरीला किती, इफ्तारला किती, हे त्यांनी ठरवायचे, आपण नाही. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा जात नाही, असे आलिम सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडायचा; त्याची कजा नंतर करता येते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा.

दादी आता बऱ्या आहेत. कपाटाच्या दारावर नातीने मोठ्या अक्षरांत तक्ता लावला आहे: सेहरीच्या गोळ्यांपुढे चंद्र, इफ्तारच्या गोळ्यांपुढे खजूर. दादींना वाचता येत नाही, पण चंद्र आणि खजूर ओळखता येतात. शरीर ही अमानत आहे, असे त्याच आम्हाला शिकवत आल्या. येत्या जुम्याला तुम्हीही घरच्यांना जमवून डबा उघडा. अर्धा तास लागेल.