नाव सांगायला तीन सेकंद
(द्वितीय वर्ष कला)

दुसऱ्याच्या दारात उभे राहिलो की आतून 'कोण आहे?' असे येण्याआधीच आपले नाव सांगावे, ही रीत आपल्याला घरातच शिकवतात. मला आज लिहायचे आहे ते याच रीतीविषयी. मात्र ज्या ठिकाणाबद्दल लिहायचे आहे तिथे दार नाही, चेहरा नाही, आणि बोलणारा माणूस पाच-सात हजार किलोमीटरांवर बसलेला असतो. हौशी रेडिओच्या जागतिक स्पर्धांत मोठमोठी केंद्रे आपले नाव सांगण्यात जी कंजुषी करतात ती मला निव्वळ गैरसोयीची वाटत नाही, अन्यायाची वाटते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का निवडावा, असे कुणी विचारील. माझ्या मते हा यंत्राचा विषय नाहीच, माणसांच्या वागण्याचा आहे.

हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या घरातल्या संचावरून जगातल्या दुसऱ्या अशाच माणसाशी बोलण्याचा हा छंद आहे. त्यातून पैसा मिळवायचा नसतो. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक कॉलसाइन, म्हणजे संकेतनाम मिळते. भारतातली बहुतेक हौशी केंद्रे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात, पुढे आकडा आणि मग दोन-तीन अक्षरे. एक कॉलसाइन जगात एकाचेच. हवेत तेच तुमचे नाव, तेच गाव आणि तीच सही.

आता स्पर्धा. यांतली सर्वांत गाजलेली सीक्यू वर्ल्ड वाइड, १९४८ पासून चालत आलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजाची आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची. सलग ४८ तास. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते ती सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. दोन केंद्रांनी एकमेकांची कॉलसाइन आणि विभागाचा क्रमांक अचूक घ्यायचा, की झाला एक संपर्क. भारताची मुख्य भूमी विभाग २२ मध्ये येते. दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी बोलल्यास ३ गुण, आशियातल्याच दुसऱ्या देशाशी १, आणि आपल्याच देशात शून्य. या गुणांना मिळवलेल्या विभागांच्या व देशांच्या संख्येने गुणायचे. त्यामुळे एखादा दुर्मिळ देश सापडला की माणसे त्याच्यावर तुटून पडतात.

स्पर्धेत दोन तऱ्हेची माणसे असतात. एक ठाण मांडून बसणारी. मोठा मनोरा, मोठा अँटेना, भरपूर वॅट. ही एकाच जागी 'सीक्यू, सीक्यू' अशी हाक देत राहतात आणि जग त्यांच्याकडे येते. दुसरी फिरती. त्यांचा आवाज दुबळा. हाक दिली तरी ऐकणार कोण? म्हणून ती तबकडी फिरवत एकेका ठाणेदाराला गाठतात. आमच्या तालुक्याच्या गावी ज्या काकांच्या संचाजवळ बसून मी नोंदी टंकते, ते या दुसऱ्या जातीचे. माडी आणि शेवग्याचे झाड यांच्यामध्ये ताणलेली एक तार, हा त्यांचा अँटेना.

गेल्या ऑक्टोबरात रविवारी दुपारी २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर युरोपकडचे एक केंद्र खणखणीत ऐकू येत होते. भोवती ही गर्दी. तो एकाला घेई, 'थँक यू' म्हणे, लगेच दुसऱ्याला घेई. नाव नाही. आम्ही थांबलो. चार झाले, पाच झाले, सात झाले. काका पेन हातात घेऊन बसलेले आणि मी कळीवर बोटे ठेवून. मी म्हटले, "काका, विचारा ना त्यांना नाव." काका म्हणाले, "अगं, या कल्लोळात माझं 'युवर कॉल?' कोणाला ऐकू जातंय!" नवव्या संपर्कानंतर त्याने कॉलसाइन सांगितली, ती इतक्या घाईत, की आम्हाला शेवटची दोन अक्षरेच लागली. काकांनी तबकडी पुढे सरकवली.

हे असे का करतात, याचा मी नंतर हिशेब मांडून पाहिला. मोर्समध्ये मिनिटाला ३० शब्दांच्या गतीने सहा अक्षरांची कॉलसाइन पाठवायला सुमारे तीन सेकंद लागतात. ताशी २०० संपर्कांचा वेग धरला तर एका संपर्काला १८ सेकंद मिळतात. म्हणजे नाव सांगण्यात एका संपर्काचा सहावा हिस्सा जातो! तीन संपर्कांतून एकदाच नाव सांगितले तर दर संपर्कामागे सरासरी दोन सेकंद वाचतात, आणि तासाला वीस-पंचवीस संपर्क जास्त होतात. ४८ तासांत हे किती होईल ते वाचकांनीच पाहावे. तेव्हा मोह खोटा नाही, आणि असे करणारा प्रत्येक जण उद्धट असतो असेही मी म्हणत नाही. त्याच्या वहीत हे सेकंद दिसतात.

पण दुसऱ्या बाजूचे सेकंद कुणाच्या वहीत दिसतात? नुकताच त्या जागी आलेला माणूस तीन संपर्क होईपर्यंत थांबला तर त्याची जवळजवळ ५० सेकंदे गेली. असे वीस जण थांबले असतील तर सोळा-सतरा मिनिटे. ठाणेदाराने वाचवलेले चार-सहा सेकंद आणि ही सोळा मिनिटे यांची तुलना कोणताही गुणतक्ता करत नाही. शिवाय थांबूनही शेवटी कळते ते हे, की या केंद्राशी आपण कालच बोललो आहोत. मग संपर्क व्यर्थ. वेळ लहानाचा जातो आणि गुण मोठ्याला मिळतात, माझा आक्षेप आहे तो इथे.

यावर उत्तर तयार असते: "आता कोण कान देऊन बसते? क्लस्टरवर सगळे लिहिलेले असते." क्लस्टर म्हणजे कोण कुठल्या लहरीवर आहे याची संगणकावर क्षणोक्षणी झळकणारी यादी. २००८ पासून तर मोर्स आपोआप वाचणारी आज्ञावली आली, आणि माणसाने न सांगताही यादी भरू लागली. ही सोय मोठी आहे, मी ती नाकारत नाही. पण यादीत लिहिलेले नाव हे दुसऱ्या कुणी तरी ऐकलेले नाव असते. त्याने एक अक्षर चुकीचे ऐकले तर मागून येणारे पन्नास जण तेच चुकीचे अक्षर आपापल्या वहीत उतरवतात. स्पर्धेनंतर सगळ्यांच्या वह्या संगणकावर एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात, आणि चुकीची कॉलसाइन लिहिणाऱ्याचा संपर्क तर जातोच, वर दंडाचे गुणही कापले जातात. नाव न सांगणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. आणि ज्यांनी क्लस्टर न पाहता केवळ आपल्या कानांवर खेळायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी या स्पर्धेत स्वतंत्र गट आहे. त्यांनी काय करायचे? माझ्या मते खरी विद्या त्यांचीच, आणि तीच माणसे या कंजुषीने मारली जातात.

कायद्याकडे पाहावे तर कायदा फार ढिला आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम एवढेच म्हणतात, की हौशी केंद्राने थोड्या थोड्या अवधीने कॉलसाइन द्यावी. अमेरिकेत संभाषणाच्या शेवटी आणि मध्ये दर १० मिनिटांनी. आपल्याकडे १९७८ साली हौशी सेवेचे जे नियम झाले त्यांतही दहा मिनिटांचेच माप होते. दोन माणसे निवांत गप्पा मारत असतील तर हे ठीक आहे. पण ताशी २०० च्या वेगात दहा मिनिटे म्हणजे ३३ संपर्क. सीक्यू वर्ल्ड वाइडच्या संयोजकांनी म्हणूनच आपल्या नियमांत एका मिनिटाचे माप घातले आणि त्याहून जास्त गुप्त राहणे गैरवर्तनात धरले. तरीही एक मिनिट म्हणजे तीन संपर्क झालेच. नियमाने माणूस शिक्षेपासून वाचतो. नुकताच आलेल्याची सोय पाहणे हे मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते. अमेरिकेतल्या पॉल सीगल यांनी १९२८ साली हौशी रेडिओवाल्यांसाठी जी आचारसंहिता लिहिली, तिच्यात पहिला मान दुसऱ्याचा विचार करण्याच्या गुणाला दिला आहे, तांत्रिक प्रगतीला नाही.

मला या कॉलसाइनचे एवढे अप्रूप का, तेही सांगते. आपल्याकडे नाव सांगितले की गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. मग 'आडनाव?' येते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'गाव कोणते?', 'वडील काय करतात?', असे करत करत समोरचा माणूस त्याला हवे असते तिथे येऊन पोचतोच. कॉलसाइनला आडनाव नाही. तिच्या पहिल्या अक्षरांवरून देश कळतो, आकड्यावरून साधारणपणे परवान्याचा वर्ग कळतो, आणि पुढची अक्षरे सरकारी कार्यालयाने दिलेली. जात कळत नाही. बाप हमाल की हवालदार, कळत नाही. फिनलंडचा माणूस काकांना 'फाइव्ह नाइन' देतो आणि काका त्याला 'फाइव्ह नाइन ट्वेंटी-टू' देतात. दोघांच्या वहीत एकेक ओळ भरते. इतके स्वच्छ नाव जगात दुसरे मी पाहिलेले नाही. असे नाव मिळालेल्याने ते सांगायलाच कंटाळा करावा, हे मला पटत नाही.

आणि कंटाळा करतो तो कोण, तेही पाहण्यासारखे आहे. ज्याला वाटते की आपल्याला सगळे ओळखतात, तोच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिल्या वर्षी प्रत्येक खिडकीवर माणसे असे शब्द फेकत, की ते मला जन्मापासून येत असावेत: जीआर नंबर, एटीकेटी, बोनाफाइड. कुणी दुष्ट नव्हते. त्यांना फक्त हे सुचत नव्हते, की समोरची मुलगी आजच आली आहे. रेडिओवरही रोज कुणी तरी आजच आलेले असते.

स्पर्धा हा खेळ आहे, त्यात एवढे काय, असे म्हणणाऱ्यांना मी पोर्ट ब्लेअरची आठवण देईन. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओवाल्यांचा एक चमू अंदमानात गेला होता, तो जगभरच्या हौशींना या दुर्मिळ ठिकाणाशी संपर्क मिळवून देण्यासाठी, म्हणजे खेळासाठीच. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि तोच संच बेटांवरची खबर मुख्य भूमीवर पोचवण्याच्या कामी लागला. कालपर्यंत गुणांसाठी बोलणाऱ्या माणसांवर त्या दिवशी माणसांचे निरोप आले. अशा वेळी कोण बोलतो आहे हे पहिल्या वाक्यात कळले पाहिजे, आणि जिभेला ते वळण एकाएकी लागत नसते. स्पर्धेची ४८ तासांची घाई ही त्याची तालीम आहे.

हाक देणाऱ्यांचेही काही चुकते, ते लपवू नये. कित्येक जण आपली पूर्ण कॉलसाइन न सांगता शेवटची दोनच अक्षरे ओरडतात. मग समोरच्याला उरलेली विचारावी लागतात आणि सगळ्यांचाच वेळ जातो. पूर्ण कॉलसाइन, एकदा, स्पष्ट, बस्स. ज्या केंद्राला हाक मारायची त्याचे नाव घोकण्याचीही गरज नसते, त्याला ते ठाऊक असते. आणि समोरचा नाव सांगत नसेल तर 'युवर कॉल?' असे विचारण्यात कमीपणा नाही. काही जुन्या मंडळींना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. मला न विचारता यादीतले नाव उतरवून मोकळे होणे अधिक अडाणीपणाचे वाटते.

ठाणेदारांकडून माझी अपेक्षा मोठी नाही: गर्दी नसेल तर प्रत्येक संपर्कानंतर नाव द्यावे, फार गर्दी असेल तर एकाआड एक. संपर्काच्या अखेरीस दिलेले नाव 'झाले, आता पुढचा या' असेही सांगत असते, तेव्हा ते सेकंद अगदीच वाया जातात असेही नाही. संयोजक स्पर्धेच्या वेळी पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवतात. ते त्यांनी केवळ लबाडी पकडण्यासाठी न वापरता, कोण किती वेळाने नाव सांगत होते हे निकालाबरोबर छापण्यासाठीही वापरावे. गुणांशेजारी तोही एक रकाना असू दे.

येत्या स्पर्धेत काका दोन तास स्वतः ठाण मांडून हाक देणार आहेत. प्रत्येक संपर्कामागे कॉलसाइन द्यायची असे आमचे ठरले आहे. आमचा वेग ताशी वीसच्या पुढे जाईल असे काकांना वाटत नाही. मी घड्याळ घेऊन बसणार आहे.