आधी विषय, मग विद्यापीठ

फायनान्समध्ये मास्टर्स करायचे म्हटले की आपली मुले जागतिक क्रमवारी उघडतात आणि वरची नावे उचलतात. याची मला खरोखर काळजी वाटते. न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम घ्या. तिथे संभाव्यताशास्त्र, लिनिअर अल्जिब्रा, सी प्लस प्लस यांतच कस लागतो, निव्वळ बी.कॉम.च्या गणितावर तिथे निभाव लागणे कठीण. ज्याला कंपन्यांचे मूल्यांकन, विलीनीकरण यांत रस आहे, त्याला लंडनचा एक वर्षाचा एमएस्सी फायनान्स अधिक जवळचा. पण तिथल्या बँकांची भरती सत्र सुरू होताच जोरात असते, म्हणून रेझ्युमे विमानात बसण्यापूर्वीच तयार हवा. आणि कर्ज काढणाऱ्या पालकांनी कॉलेजला लेखी विचारावेच, की गेल्या वर्षी भारतीय विद्यार्थ्यांना नोकऱ्या नेमक्या कुठे लागल्या.