कंपवात, जनुकतपासणी आणि सोयरीक

सोयरीक जुळवताना शिक्षण, नोकरी, वय विचारून झाले की आपल्याकडे हळूच एक प्रश्न येतो, "घरात कुणाला काही आजार?" जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर ज्या घरी आजोबांचे हात कापतात आणि आता काकांचेही कापू लागले आहेत, तिथे या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. आजोबांना पाहुण्यांसमोर बसवत नाहीत. दारूने हात कापतात, असेही सांगून मोकळे होतात. म्हणजे आजारापेक्षा व्यसनाची बदनामी परवडली! आम्हाला याचे वाईट वाटते, नवल वाटत नाही. मुलीचे लग्न अडेल ही भीती खरी आहे.

त्या भीतीत आता जनुकतपासणीची भर पडली आहे. रक्त किंवा लाळ देऊन कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, सदोष जनुक अंगात आहे का ते पाहता येते. उद्या "मुलाची तपासणी करून आणा, मग तारीख धरू" असे कुणी म्हणाले तर?

कंपवातात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात कापतात, चाल मंदावते, अंग ताठते. शंभरातील पाच-दहा रुग्णांतच एखाद्या जनुकाचा दोष हे कारण सापडते. असे पहिले जनुक १९९७ साली मूळच्या इटलीतील एका कुटुंबात सापडले. १९९८ साली जपानी कुटुंबांत 'पार्किन' सापडले. त्याचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, तोही बहुधा चाळिशीच्या आत. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यात अजून आहे. तिचा विचार करायचा तो इथे. २००४ मध्ये कळलेल्या 'एलआरआरके-२' चा दोष एका पालकाकडून आला तरी पुरतो, पण तो असलेली कितीतरी माणसे म्हातारपणीही ठणठणीत असतात.

शिवाय एका घरात दोघे आजारी म्हणजे रक्तच वाईट, हा निष्कर्ष घाईचा. नारायणगावकडे टोमॅटो-द्राक्षांच्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारणीला जाणारे बापलेक एकाच घरचे असतात. पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. रक्ताची चौकशी करणारे पाहुणे पंपाची चौकशी करत नाहीत.

सिकलसेलशी याची गल्लत नको. तो आजार विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींत आढळतो. वधू-वर दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून ती तपासणी लग्नाआधी कराच, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कंपवातात निरोगी तरुणाच्या हाती अहवाल देऊन काय साधते? आजार थांबवणारे औषध अद्याप नाही. तिशी-चाळिशीत ज्याला आजारच झाला, त्याने डॉक्टर म्हणतील तर तपासणी जरूर करावी. निरोगी माणसाला स्वतःहून जाणून घ्यायचे असेल तर सज्ञान झाल्यावर, समुपदेशकाशी बोलून, खुशाल घ्यावे. नको असेल तर सासरच्यांनी काय, जन्मदात्या बापानेही जबरदस्ती करू नये. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारा धर्म आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सोडला. तीच किंमत आता प्रयोगशाळेच्या कागदावर लिहून घरात आणायची काय?

तपासणीवर हजारो रुपये घालण्याआधी आजोबांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. लेव्होडोपाच्या गोळीने पुष्कळांची हालचाल सुधारते. ती वेळेवर द्यावी लागते आणि आपल्या मनाने बंद करायची नसते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरची माणसे एकत्र येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवात आणि सिकलसेल दोन्ही आजार आहेत. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त ठरले तर त्या प्रमाणपत्रावर सवलती मिळू शकतात. आम्ही पडलो कारकून, म्हणून सांगतो: डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या चुलीत घालू नका, प्रमाणपत्राच्या वेळी त्याच मागतात.