सुई, सलाईन आणि घडीभराची नीज

गेल्या पावसाळ्यात, निंदणाच्या दिवसांत, उंद्रीला एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. उंद्री हे बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातलं गाव. बायका वावरातून परतल्या, चूल पेटवून, भाकरी टाकून आल्या, तेव्हा कुठे बैठक सुरू झाली. विषय होता थकलेल्या हप्त्यांचा. एका तरुण सुनेचे दोन हप्ते राहिले होते. पैसे कुठे गेले, असं विचारल्यावर तिने पिशवीतून दवाखान्याची चिठ्ठी आणि कागदाच्या पुड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

आजार काय होता? दोन दिवस सर्दी, अंगदुखी आणि कणकण. त्यावर दोन इंजेक्शनं, एक सलाईन आणि पाच प्रकारच्या गोळ्या. तीन दिवसांची मजुरी त्यात गेली, आणि आजारपणात बुडालेले दोन रोज वेगळेच. पुड्यांमधल्या गोळ्या पाकिटातून सोडवून दिलेल्या, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. चिठ्ठीवरच्या अक्षरांतून मला एक प्रतिजैविक आणि एक वेदनाशामक एवढंच लागलं. बाकीचं काय, ते ती गोळ्या गिळणारी बाई सांगू शकत नव्हती आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मीही सांगू शकत नव्हते.

मी लगेच माझं भाषण सुरू केलं. सर्दी विषाणूमुळे होते, प्रतिजैविकाचा तिच्यावर काही उपयोग होत नाही, ती चार-सहा दिवसांत आपोआप बरी होते, सलाईन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, वगैरे. सगळ्या बायकांनी ऐकून घेतलं. मग ती सून म्हणाली, "ताई, तुमचं खरं असन. पन बाटली लागते तवाच त मले घडीभर निजाले भेटते. घरी निजली त सासू म्हन्ते, काय झालं व तुले?"

बायका हसल्या. मीही हसले. पण रात्री परतताना ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. आजवर मी या प्रश्नाकडे अज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहत होते. बायांना माहिती नाही, ती दिली की झालं. तिने एका वाक्यात सांगितलं की, बाई, माहितीचा प्रश्न दुसरा आहे. माझा प्रश्न निजायला मिळण्याचा आहे.

मैत्रिणींनो, आपल्या घरांत बाईच्या दुखण्याला मान्यता केव्हा मिळते? आधी ती अंगावर काढते. धुणी, पाणी, स्वयंपाक, निंदण, सगळं करते. उभं राहवेनासं झालं की मग दवाखाना. तिथे सुई टोचली, बाटली टांगली की दुखणं 'खरं' ठरतं. डॉक्टरने नुसतं तपासून "दोन दिवस आराम करा, गरम पाणी प्या" असं सांगितलं, तर घरी जाऊन ती हे कोणत्या तोंडाने सांगणार? आराम कोण देणार आहे तिला? दंडावरची सुईची खूण आणि हाताला चिकटवलेली पट्टी हाच तिच्या आजारपणाचा दाखला. त्यातच रोज बुडण्याची भीती. उद्या सकाळी वावरात उभं राहता आलं पाहिजे, म्हणून 'कडक' औषध हवं. ते देणारा डॉक्टर हातगुणाचा ठरतो.

हे सगळं समजून घेतल्यावरही मी म्हणेन की, हा सौदा आपल्याला फार महाग पडतो आहे. कसा, ते हिशेबाने पाहू.

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. चहाचा एक चमचाभरही नाही. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. ज्या बाईला तोंडाने पिता येतं, तिला हे पाणी शिरेतून देण्याचं काही कारण नाही. अतिसार होऊन अंगातलं पाणी गेलं असेल, तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरी करता येतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. सलाईनची खरी गरज असते ती रोगी शुद्धीवर नसताना, सतत उलट्या होत असताना, पाणी पोटात ठरतच नसताना. अंगदुखीला नाही.

'शक्तीच्या' लाल इंजेक्शनचंही तेच. तो लाल रंग बी-१२ या जीवनसत्त्वाचा, रक्ताचा नव्हे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांना लोहाच्या गोळ्या हव्यात आणि पोटभर जेवण हवं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात आणि आशाताईकडे फुकट मिळतात. पण फुकट मिळतं ते हलकं, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं.

सुईचा धोका तर वेगळाच. २००२-०३ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की, भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली जवळजवळ ६३ टक्के असुरक्षित असतात. २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे 'ब' प्रकारच्या काविळीची साथ पसरली आणि कित्येक माणसं दगावली. गेली होती ती माणसं दवाखान्यात, बरी व्हायला.

आणि लेकरांचं काय? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. छिंदवाडा आपल्या विदर्भाला लागूनच. त्यातली कितीतरी लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. साधा ताप-खोकला होता. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मूत्रपिंडं निकामी झाली. या विषाची महाराष्ट्राला ओळख नाही असं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष मिसळलेलं ग्लिसरीन दिल्यामुळे चौदा रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. कंपनी दोषी, तपासणी यंत्रणा दोषी, हे तर आहेच. पण ज्या प्रकारचं ते मिश्रण होतं, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच काढला होता. म्हणजे विष नसतं, तरीही त्यातल्या लहानग्यांना ते औषध द्यायचंच नव्हतं.

बायकांच्या बाबतीत हे फार जुनं आहे. पाळी लांबली की हार्मोनच्या जबर मात्रेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन द्यायचं, गर्भ आहे की नाही हे त्यावरून ठरवायचं, अशी एकेकाळी सर्रास पद्धत होती. गर्भाला अपाय होण्याचा धोका माहीत असतानाही. १९८२ मध्ये बंदीचा हुकूम निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या. स्त्री-संघटना आणि आरोग्य-चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी तो लढा नेटाने लढवला, तेव्हा कुठे १९८८ मध्ये बंदी आली. आज आपण ज्या हक्काने प्रश्न विचारू पाहतो, तो त्या मैत्रिणींनी मिळवून दिलेला आहे.

गंमत अशी की, जिथे खरंच औषध हवं तिथे ते पोचत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती फक्त आठ टक्क्यांची. आजही अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई गेली, तर न तपासता गोळ्यांची पुडी मिळते. चार वेळा पुडी, पाचव्यांदा "पिशवी काढून टाका". बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय झालं, ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. माझ्या कामाच्या भागात एक बाई दोन महिने खोकत होती. चार वेळा औषधाची बाटली झाली, दोनदा सुई. थुंकीची तपासणी, जी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती कोणी सांगितलीच नाही. क्षय निघाला तेव्हा ती निम्मी झाली होती. किरकोळ दुखण्याला ढीगभर औषध आणि मोठ्या दुखण्याला हात लावून पाहायची तयारी नाही, असा हा उफराटा कारभार आहे.

डॉक्टर असं का करतात? सगळेच लबाड नाहीत. पण नुसत्या सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात ते सुईचे, बाटलीचे. शेजारचा देतो आणि मी दिलं नाही, तर रोगी तिकडे जातो. वर कंपन्यांची माणसं भेटी घेऊन येतात. १९७५ साली हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली, दुकानांतली नावं मात्र हजारोंनी वाढतच गेली.

इथे मला माझंही सांगायला हवं. माझ्या मुलाला सर्दी-ताप झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तीन दिवस वाट पाहू. मीच म्हटलं, "काहीतरी स्ट्राँग द्या, मला रजा नाही." त्यांनी लिहून दिलं. म्हणजे उंद्रीच्या त्या सुनेत आणि माझ्यात फरक काय? तिला निजायला सवड नाही, मला लेकराजवळ बसायला सवड नाही. दोघींनीही सवडीच्या जागी औषध घेतलं.

म्हणून मला वाटतं, आपल्या गटांमध्ये दोन कामं सोबतच व्हायला हवीत. पहिलं, दवाखान्यात विचारायचं. मला काय झालंय? या गोळीचं नाव काय, ती कशासाठी? सुईऐवजी गोळी चालेल का? औषध घेतलंच नाही तर काय होईल? पुडी नको, नावाचं पाकीट द्या आणि वाचता येईल अशी चिठ्ठी द्या. एकटीला विचारायला भीती वाटते, तेव्हा दोघी-तिघींनी जायचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, तिथेही हेच विचारायचं आणि डॉक्टर जागेवर नसतील तर तेही विचारायचं.

दुसरं काम अवघड आहे, कारण ते घरात करायचं आहे. सून तापाने फणफणली, तर सुईच्या खुणेशिवाय तिला निजू द्यायचं. भाकरी नवऱ्याने किंवा सासूने टाकायची. उंद्रीच्या त्या बैठकीत शेवटी हाच विषय निघाला. एक म्हातारी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आमाले कोनी निजू देल्लं नाही, म्हनून आमी बी देल्लं नाही." कोणी काही बोललं नाही. मग गटाने ठरवलं की, गटातली कोणी आजारी पडली तर दोन दिवस तिचं पाणी आणि धुणं बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. ठराव वहीत लिहिला, सह्या-अंगठे झाले.

तो किती पाळला जातो ते मी पुढच्या बैठकीत विचारणार आहे. तुमच्या गटात असा ठराव झाला तर मलाही कळवा. पहिली अंमलबजावणी मी माझ्याच घरी करते आहे.